सही मिळाली कशी?

स्वाक्षऱ्यांच्या बाजारात एक रिवाज आहे आणि तो मला कायम उलटा वाटत आलाय. फोटोवर किंवा बॅटवर नुसती सही असेल तर भाव जास्त. त्याच सहीवर 'चि. अमुकला, शुभेच्छांसह' अशी ओळ असेल तर भाव उतरतो. कारण उघड आहे: पैसे मोजून घेणाऱ्याला आपल्या भिंतीवर दुसऱ्याच कुठल्या चिरंजीवाचं नाव नको असतं. तो चिरंजीव पुढे स्वतःच नामवंत झाला, तर गोष्ट वेगळी. पण खोट्या सह्या करणाऱ्यांना विचारा (ते सांगणार नाहीत, तरी विचारा). चार फर्राटे गिरवणं सोपं, दोन ओळींचं हस्ताक्षर निभावून नेणं अवघड. म्हणजे जी ओळ सही खरी असल्याची त्यातल्या त्यात बरी साक्ष देते, तीच बाजारात खोट ठरते.

आमचा सहा-सात जणांचा एक कंपू आहे. ठाण्यात एकाच्या घरी अधूनमधून रविवारी दुपारी जमतो. यजमानांचे नियम कडक. प्रत्येकानं एकच वस्तू आणायची, ती हातात कशी आली ते सांगायचं, आणि किंमत उच्चारायची नाही. चहा आतल्या खोलीत. वस्तू ठेवलेल्या टेबलाजवळ कप दिसला तर माणूस वस्तूसकट बाहेर. एकदा खरंच एकाला काढलं होतं. तो गॅलरीत उभा राहून चहा संपवून परत आला.

कंपूतले सगळ्यांत जुने म्हणजे रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले काका. त्यांच्याकडे डॉन ब्रॅडमनची सही आहे. आता ब्रॅडमनची सही म्हटल्यावर नवख्याचे डोळे विस्फारतात, पण जाणकार फार हलत नाहीत. ९९.९४ची सरासरी जगात एकट्याची असली, तरी सह्या त्या माणसानं अमाप केल्या. खेळणं थांबल्यावरही कित्येक दशकं जगभरातून पत्रं यायची आणि तो ॲडलेडच्या घरी बसून उत्तरं द्यायचा. काकांनीही तरुणपणी पत्र टाकलं होतं. परदेशातून उत्तर हवं तर तिकडचं तिकीट आपण कुठून लावणार? त्यासाठी टपाल खात्याचं आंतरराष्ट्रीय उत्तर कूपन मिळायचं. ते पत्रात घालायचं, समोरच्यानं आपल्या पोस्टात देऊन त्याबदली तिकीट घ्यायचं. ते कूपन कुठल्या खिडकीवर मिळतं हे जीपीओतल्या बाबूंनाही धड माहीत नव्हतं, ही काकांच्या गोष्टीतली आवडती जागा. तिथं ते दहा मिनिटं थांबतात आणि आम्ही थांबू देतो.

सही केलेला फोटो आला. काकांनी तो फाईलमध्ये ठेवला आणि फ्रेम केली ती पाकिटाची. पाकिटावर ॲडलेडचा शिक्का आहे, ठाकूरद्वारच्या स्पेलिंगमधला एक एच गळालाय, आणि त्याखाली चाळीचं नाव, मजला, खोली नंबर. "साहेबानं आमच्या चाळीचं नाव लिहिलंय हो," काका दर वेळी म्हणतात. ब्रॅडमन भारतात कधी कसोटी खेळला नाही. पण त्याच्या हातून ठाकूरद्वारची एक चाळ लिहून झाली, आणि काकांच्या मते हा हिशेब चुकता झाला.

काकांची दुसरी आवडती गोष्ट त्यांच्या संग्रहातली नाही, तरी ते ती संग्रहातली असल्यासारखी सांगतात. १९३३-३४ साली डग्लस जार्डिनचा एमसीसी संघ, म्हणजे इंग्लंडचा संघ, इथं आला होता. भारतातला पहिला कसोटी सामना तेव्हाच मुंबईच्या जिमखान्यावर झाला. लाला अमरनाथनं ११८ धावा केल्या आणि विजय मर्चंट पहिल्यांदा कसोटी खेळला. विजयची बहीण लक्ष्मी सह्या गोळा करायची. तिच्या वहीत एका पानावर त्या इंग्लिश पाहुण्यांच्या सोळा सह्या होत्या. पुढे ती वही गांधीजींच्या हातात गेली. त्यांनी पानं चाळली, कोऱ्या पानाकडे न वळता नेमकं तेच पान काढलं आणि सतरावे खेळाडू म्हणून खाली सही ठोकली. क्रिकेटशी ज्यांचा काही संबंध नाही असं आपण धरून चालतो, त्या माणसानं जार्डिनच्या संघात स्वतःची निवड करून घेतली. एरवी ते सहीचे पाच रुपये घेत आणि हरिजन निधीत जमा करत. म्हणजे व्यवहार रोखठोक. पण पाच रुपयांत पान निवडण्याचा खोडकरपणा येत नाही, तो त्या दिवशी त्या वहीलाच मिळाला.

याच्या अगदी उलट्या तऱ्हेचे रवींद्रनाथ. लहानगा सत्यजित राय आईबरोबर शांतिनिकेतनला गेला, वही पुढे केली, तर ते म्हणाले, ठेवून जा, उद्या ने. दुसऱ्या दिवशी वहीत आठ ओळींची कविता. जग हिंडून डोंगर-समुद्र पाहून आलो, पण घराबाहेर दोन पावलांवरचं दव पाहायचं राहिलं, अशा अर्थाची. आणि आईला सांगितलं, आत्ता नाही कळणार, मोठा झाला की कळेल. सह्या मागणाऱ्यांसाठी असं चार-दोन ओळी लिहून देण्याची त्यांना सवयच होती. चीन-जपानमध्ये लोक पंखे आणि रेशमाचे तुकडे पुढे करत, त्यावरही लिहिलं. आपल्याकडे साहित्य संमेलनात लेखकाला गाठून 'काहीतरी संदेश लिहा ना' म्हणणारी मुलं अजून दिसतात. लेखक वैतागतात आणि 'खूप वाचा' लिहितात. मी त्यांना दोष देत नाही. मागे चाळीस जण उभे असताना दव सुचत नाही.

कंपूतल्या एक ताई नर्स आहेत. त्या आणतात ती वस्तू म्हणजे नाटकाच्या तिकिटाचा अर्धा तुकडा. शिवाजी मंदिरचा. मराठी नाटकाच्या प्रेक्षकाला प्रयोग संपला की रंगपटात डोकावायची सवय असते, आणि बहुतेक नट ते चालवूनही घेतात. ताई त्या दिवशी रात्रपाळीला जायच्या घाईत होत्या. नट अजून रंग पुसत होता. एका हातात ओला नॅपकिन, दुसऱ्या हातानं तिकीट दाबून धरलं आणि मग नॅपकिन टाकून सही केली. तिकिटाच्या कोपऱ्यावर रंगाचा अख्खा अंगठा उमटलाय, रेषा मोजता येतील इतका स्वच्छ. सही मात्र फिकटली, कारण ती होती साध्या बॉलपेनची आणि ताईंनी कित्येक वर्षं ते तिकीट आरशाच्या चौकटीत उजेडात खोचून ठेवलं होतं.

कागद दुरुस्त करणाऱ्या एका जाणकारानं त्यांना सुचवलं, तो तेलकट डाग काढता येईल. ताईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की विषय तिथंच मिटला. काकांनी तिकीट भिंगाखाली धरून निकाल दिला: "सही जाऊ द्या. नि. डा. हा. अं. स्पष्ट आहे." सात-बाऱ्याच्या फेरफारात, जुन्या खरेदीखतात, तलाठ्याच्या कागदांवर ज्यांनी 'निशाणी डाव्या हाताचा अंगठा' पाहिलाय, ते सगळे हसले. तरुण मंडळींना समजवावं लागलं. नटाचं नाव मी इथं देत नाही. ते मोठं आहे, आणि दिलं तर वाचणारा अंगठा विसरून नावामागे जाईल.

आता त्या तरुणाबद्दल. आयटीत आहे, वय तिशीच्या आत. पुण्यात सहकारनगरला 'ब्लेड्स ऑफ ग्लोरी' नावाचं क्रिकेट संग्रहालय आहे, रोहन पाटे यांनी उभारलेलं. २०१२ साली सचिन तेंडुलकरच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. खेळाडूंच्या सह्या असलेल्या बॅटी तिथं काचेआड मांडल्यात. तो ते पाहून आला आणि पेटला. पहिल्यांदा आमच्याकडे आला तो सही असलेली जर्सी घेऊन. होलोग्राम, प्रमाणपत्र, क्रमांक, काळी चौकट, आत पिवळा दिवा. हप्त्यांवर घेतलेली. सगळ्यांनी वाकून पाहिली, छान छान म्हटलं, आणि मग यजमानांनी नेहमीचा प्रश्न टाकला, "कुठे भेटला तो तुला?" पोरगा गडबडला. "भेटलो नाही. ऑनलाइन घेतली."

वाईट वाटावं असं त्यात काही नव्हतं, पण टेबलाभोवती एक अवघड शांतता पसरली खरी. कारण प्रमाणपत्र म्हणजे काय, हे त्या खोलीतल्या जुन्या खोडांना ठाऊक होतं. अमेरिकेत १९९०च्या दशकात एफबीआयनं खोट्या सह्यांच्या एका टोळीचा छडा लावला, त्या मोहिमेचं नाव 'ऑपरेशन बुलपेन'. दक्षिण कॅलिफोर्नियातली ती मंडळी बेसबॉलवर मोठमोठ्या खेळाडूंच्या सह्या करत आणि सोबत प्रमाणपत्रंही देत. त्या मालात मदर तेरेसांची सही असलेले बेसबॉल निघाले. कोलकात्यातल्या त्या म्हातारीनं चेंडू हातात घेतला कधी, सही केली कशाला, हे विचारायची घेणाऱ्यांना गरज वाटली नाही, कारण कागद सोबत होता. मला तर ते चेंडूच खरे संग्राह्य वाटतात. एखादा मिळाला तर मी टेबलावर ठेवीन, आणि तो कसा मिळाला हेही अभिमानानं सांगेन.

लबाडी सगळी टोळ्यांचीच असते असं नाही. यंत्राला पेन लावून हुबेहूब सही काढणारं ऑटोपेन अमेरिकी राजकारण्यांच्या कचेऱ्यांत कधीचं रुळलंय. हॉलिवूडच्या नटनट्यांच्या सह्या त्यांच्या सेक्रेटरी करत. आणि ज्यानं चंद्रावर पहिलं पाऊल टाकलं त्या नील आर्मस्ट्राँगनं १९९४ साली सह्या देणंच थांबवलं. त्याच्या सह्या विकल्या जातात, खोट्याही फिरतात, हे पाहून तो विटला. त्याची गोष्ट आठवली की मला आमच्या छंदाची जराशी लाज वाटते, आणि मग ती जातेही.

छापील सहीचा घोळ तर घराघरात. संविधानाच्या हस्तलिखितावर २४ जानेवारी १९५० रोजी २८४ सदस्यांनी सह्या केल्या. देहराडूनला सर्व्हे ऑफ इंडियाच्या छापखान्यात त्या हस्तलिखिताच्या १,००० प्रती छापल्या गेल्या, त्यात अर्थात सह्याही छापून आल्या. अशी एक प्रत घरात असलेला माणूस 'बाबासाहेबांची सही आहे आमच्याकडे' असं भाबडेपणानं सांगतो आणि त्याला दुखवायचं कुणाच्या जिवावर येतं. प्रत मोलाची आहेच, सही मात्र शाईची नाही. भिंग लावा. पेननं केलेल्या सहीत रेघ रेघेला ओलांडते तिथं शाई दाटते, कागदाच्या मागे बोट फिरवलं तर दाब लागतो. बॉलपेन १९४५च्या सुमाराला बाजारात आलं, त्यामुळे १९३०च्या दशकातल्या तारखेची बॉलपेनची सही कुणी दाखवली तर चहा पिऊन उठावं. काका यावर आपल्या पाकिटातून रिझर्व्ह बँकेची सहाव्या जॉर्जच्या काळातली एक नोट काढतात. त्यावर सही आहे चिंतामणराव देशमुखांची, महाडजवळच्या नाते गावात जन्मलेले, १९४३ला झालेले बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. "मराठी माणसाच्या हातची एवढी खपलेली सही दुसरी नाही," काका म्हणतात, "आणि आपल्या लेखी ती सहीच नाही."

जतनाबद्दल थोडं, कारण आपल्याकडे सह्यांचा खून बहुधा प्रेमापोटी होतो. लॅमिनेशन करू नका. अजिबात करू नका. उष्णतेनं शाई फिरते, चिकट थर कागदात शिरतो आणि तो परत निघत नाही. सेलोटेप पिवळी पडते आणि कागदावर आपलीच सही ठेवून जाते. स्केचपेनच्या सह्या उजेडात सगळ्यांत आधी उडतात, त्यात जांभळा रंग पहिला. जुन्या रॉयल ब्लू शाईला पाण्याचा थेंब पुरतो. मुंबई-ठाणे-कोकणात वर दमट हवा, मग बुरशी, कसर, आणि तळमजल्यावर राहत असाल तर वाळवी. खेळाच्या सामन्याचं हल्लीचं तिकीट बऱ्याचदा थर्मल कागदाचं असतं. त्यावर सही घेतलीत तर सही राहील आणि तिकिटावरची छपाई उडून जाईल. मग ती कुठल्या सामन्याची, हे सांगायला तुम्हीच हवेत.

आता माझी वस्तू. ती टेबलावर पहिल्यांदा ठेवली तेव्हा वाद झाला होता. कांगा लीगच्या धावफलकाच्या वहीतलं एक पान. डॉ. कांगांच्या नावानं १९४८पासून चालणारी ही स्पर्धा मुद्दाम पावसाळ्यात खेळतात: ओली खेळपट्टी, गवत घोट्यापर्यंत, चेंडू साबणासारखा निसटणारा. मैदानाच्या कडेला तंबूत स्कोअरर बसतो. सामना संपला की पानाखाली दोन्ही कर्णधार आणि पंच सह्या करतात, झालेला खेळ मान्य म्हणून. माझ्या ओळखीचे एक स्कोअरर म्हातारपणी घर बदलत होते आणि वह्या रद्दीत निघाल्या होत्या. त्यांनीच हे पान काढून दिलं. पाहुण्या संघाचा कर्णधार त्या दिवशी आजारी होता, म्हणून एका कोवळ्या पोरावर जबाबदारी आली होती. तो पोरगा पुढे भारताकडून खेळला. त्याची आजची सही सगळ्यांनी पाहिलीय: एक गिरकी, एक आडवी रेघ, मध्ये कुठलंही अक्षर नाही. माझ्या पानावर मात्र स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, तिन्ही शाळेतल्या वहीवर घालतात तशी सुटी सुटी. आडनावाच्या शेवटच्या अक्षरावर थोडा जास्तच दाब. शेऱ्याच्या रकान्यात स्कोअररनं लिहिलंय, 'चेंडू दोनदा बदलला. पाहुणे उशिरा आले.'

वाद होता पेन्सिलीवरून. पान पेन्सिलीनं लिहिलंय, सह्याही पेन्सिलीच्या. पावसात शाई वाहते म्हणून जुने स्कोअरर पेन्सिलच वापरत. काका म्हणाले पेन्सिलीची सही धरत नाहीत, खोडता येते. ते खरंच, बाजारात कुणी हात लावणार नाही. पण ग्राफाइट उजेडात उडत नाही, पाण्यात विरघळत नाही. मी म्हटलं, "खोडायला माझ्या घरी यावं लागेल." आणि मला जे सांगायचं होतं ते वेगळंच होतं. सही मागितली की माणूस जरा सावरून बसतो, ठरलेली गिरकी घेतो. या पोराला कुणी सही मागितलीच नव्हती. तो पाहुण्या कर्णधाराचं काम उरकत होता, केस ओले, बहुधा हरलेला (हरलाच होता, अकरा धावांनी). सही देण्याची सवय लागायच्या आधीचं हे त्याचं अक्षर. याचं दुसरं पान त्याच्या स्वतःकडे तरी असेल का, शंका आहे. काकांनी पान पुन्हा भिंगाखाली घेतलं, बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मग विचारलं, "अकरा धावांनी? मग शेवटची विकेट कुणाची?"

या वादातून एक बरी गोष्ट निघाली. आम्ही प्रत्येक वस्तूबरोबर चिठ्ठी ठेवू लागलो. कुणी, कधी, कुठं, कशावर, कुठल्या पेननं, मागितली की मिळाली. वस्तूवर नाही, वेगळ्या कागदावर, पेन्सिलीनं. आम्ही गेल्यावर मुलं कपाट उघडतील तेव्हा त्यांना एक तिकीट, एक पाकीट आणि एक चुरगळलेलं पान दिसेल, आणि रद्दीवाला खालीच उभा असेल. शिवाजी महाराजांच्या पत्राच्या शेवटी 'मर्यादेयं विराजते' असा शिक्का असे, म्हणजे मजकूर इथं संपला, यापुढे कुणी ओळ घुसडू नये. आमचं काम नेमकं उलटं, मजकूर संपल्यावर ओळी जोडायचं, आणि त्या खऱ्या ठेवायचं. काकांची चिठ्ठी चार पानी झाली, त्यातली दोन जीपीओच्या खिडक्यांवर. ताईंनी लिहिलं, 'त्या रात्री ड्युटीवर सात मिनिटं उशीर. सिस्टरनी विचारलं, कारण सांगितलं नाही.'

जर्सीवाल्या मुलानं आपल्या चिठ्ठीत प्रामाणिकपणे वेबसाइट आणि हप्त्यांची संख्या लिहिली. जर्सी त्यानं विकली नाही, दिवा मात्र काढून टाकला, रंग उडतो म्हणून. गेल्या पावसाळ्यात तो माझ्याबरोबर आझाद मैदानावर आला. एका टोकाला सामना संपला होता, सतरा-अठरा वर्षांचा एक मुलगा सत्तर-एक धावा करून पॅड सोडत बसला होता. आमच्या या गड्यानं वही आणि पेन्सिल पुढे केली. तो मुलगा उठूनच उभा राहिला. "काय झालं? तक्रार आहे का?"

सही हवी आहे, हे पटवायला वेळ लागला. मग त्यानं विचारलं, पूर्ण नाव लिहू का. तोवर बाकीचे गोळा झाले, एकेकानं वही ओढली, कुणी कुणाच्या पाठीवर ठेवून लिहिलं, बारावा खेळाडू मला मला करत आला. शेवटी तंबूजवळच्या चहावाल्यानंही हात पुसून वही मागितली आणि झोकदार सही केली. पानावर तारीख आणि मैदानाचं नाव घातलंय ते फक्त त्यानं.